तुमच्या सेवापुस्तकातली माझी चूक

तुळशीरामभाऊ,

तुमच्या तेरवीला पंगती उठल्यावर वैनी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हातातली ताटली पुसत त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्यायनं खरंच तलावाची मोजनी चुकवली होती का जी?"

मला उत्तर माहीत होतं. तरी मी म्हणाले, "वैनी, आज राहू द्या ते." आणि स्कूटी काढून निघाले.

तर आता सरळ सांगते. नगरपंचायतीत मी कनिष्ठ अभियंता, तुम्ही कागदोपत्री शिपाई. प्रत्यक्षात अकरा वर्षं माझ्या टेपचं दुसरं टोक तुमच्या हातात होतं. ज्या चुकीसाठी तुमच्या सेवापुस्तकात सक्त ताकीद लिहिली गेली, ती चूक माझी होती. तुम्ही ती स्वतःवर घेतलीत आणि मी घेऊ दिली. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर ते एकट्या माझ्याकडे उरलं.

पहिल्या वर्षी तुम्ही माझ्या स्कूटीवर मागे बसायला तयार नव्हता. तुम्ही सायकलनं यायचात आणि मी उन्हात तलावाच्या पाळीवर तुमची वाट बघत उभी राहायचे. शेवटी एकदा मी चिडले, तेव्हा म्हणालात, "बसतो जी, पन बसस्टँडपासून. गावातून नाई." मग पुढची दोन वर्षं आपली सरकारी पाहणी बसस्टँडपासून सुरू व्हायची. तिसऱ्या वर्षी तुम्ही आपणहून कार्यालयाच्या फाटकातच बसलात. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही उतरला असतात.

मला घाई असायची, म्हणून मी टेपच्या या टोकावरून ओरडायचे. तुम्ही त्या टोकावरून शांतपणे म्हणायचात, "म्याडम, बोंबलल्यानं टेप ताठ होत नाई. ओढल्यानं होते." आणि पाळीवर बसून डबे उघडले की माझ्या पोळ्यांकडे अशी नजर टाकायचात, जणू घरात मला कुणी उपाशी ठेवतं. "धानाच्या घरची पोरगी, न पोळ्या खाऊन रायली. पोळीनं पोट भरते का जी?" मग तुमच्या डब्यातला भात आणि लाखोळीची डाळ माझ्या झाकणावर यायची. नको म्हणून काही उपयोग नव्हता. तुम्ही केशोरीकडच्या गावातले, मी इटियाडोहाच्या कालव्यावर ज्यांची शेती त्यांच्यातली. भाताशिवाय जेवण असतं यावर आपल्या दोघांच्याही घरात कुणाचा विश्वास नव्हता.

हे धानाचं मुद्दाम सांगितलं, कारण चूक तिथूनच झाली.

लॉनचा अर्ज आला तो मे महिना होता. लग्नाचा हॉल, वऱ्हाडासाठी खोल्या, गाड्या लावायला मोकळी जागा, आणि समोर मोठा तलाव, म्हणजे फोटो चांगले येतील. गोंदियाच्या शेठनं नकाशावर तलाव निळ्या रंगानं छान रंगवून आणला होता. आपल्याला तलावाचं बुडीत, म्हणजे भरल्या तलावाचं पाणी, कुठवर येतं ते बघून अहवाल द्यायचा होता. तलावावरच्या सगळ्या जागा आपल्या कार्यालयानं उन्हाळ्यातच पाहिलेल्या आहेत. तेव्हा चिखल नसतो, चालता येतं, फाइल पावसाआधी निघते. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पाणी आटून पार मधोमध गेलं होतं, आणि शेठच्या जागेवर जमीन टणक होती, तिला भेगा पडल्या होत्या आणि तिच्यात गुडघ्याखाली तुटलेली वाळकी खोडं उभी होती. जनावरांनी वरचं सगळं चरून टाकलेलं.

मी म्हणाले, "धान आहे." तुम्ही वाकून एक खोड उपटलंत, त्याची मुळं पाहिलीत. "धानासारखंच दिसते जी. पन इथं धुरे नाई दिसत कुठं."

शेतात बांध नाहीत, हे तुम्ही मला दाखवलं होतं. मी म्हणाले, "मोडले असतील जुने. चला, ऊन वाढतंय."

अहवालात मी लिहिलं: सदर जागेवर धानपिकाचे धसकट आढळले, जागा शेतजमीन असून तलावाच्या बुडीताबाहेर आहे. खाली माझी सही. धानाच्या घरात जन्मलेल्या माणसाला कापलेलं खोड दिसलं की ते धानच असतं, दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही. गहू-ज्वारीच्या मुलखातली कुणी असती तर तिनं निदान विचारलं तरी असतं.

पावसाळ्यात जिल्ह्यावरून आदेश आला, तलावांच्या आणि पाणथळ जागांच्या काठच्या बांधकामांची सगळी प्रकरणं स्थानिक पातळीवर पुन्हा तपासा. शेठचं प्रकरणही त्यात आलं. मी निश्चिंत होते. अहवाल माझाच होता, मला काय तपासायचं होतं?

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशीचा बाजार तुम्हाला आठवत असेलच. माझ्या सासूबाईंना उपासाला देवधान हवं होतं. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून आपोआप उगवलेलं हे धान लागतं. तलावात मासे धरणारी गिरजाबाई ढिवरीण पोतं पसरून बसली होती. मी भाव विचारला तर म्हणाली, "नीट मोजून घेजा म्याडम, तुमी त मोजनारे लोक."

"कुठलं आहे?" मी सहज विचारलं.

"कुठलं म्हंजे? तुमी उन्हाळ्यात टेप घेऊन फिरून नाई का रायले होते, थेच जागा. माह्या सासूपासून आमी थितंच झोडपतो. डोंग्यात बसाचं, काड्या वाकवाच्या न टोपलीत झोडपाचं." मग तिनं तुमच्याकडे पाहिलं. "आता लान होऊन रायलं म्हंते थितं. घेऊन ठेवा जी तुळशीरामभाऊ, पुढच्या साली अक्षता म्हनून नवरीच्या अंगावर टाकाले कामी येईन."

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "गिरजाबाई, थे कोनी पेरते का?"

"देवधान कोन पेरन बाप्पा? जितलं पानी उभं रायते, तितलंच थे उगवते. पानी सरलं का देवधान सरलं. मासोळ्या अंडे बी त्यातच टाकते."

मी पिशवी उघडून उभी होते. गिरजाबाईनं त्यात देवधान ओतलं तरी मला पिशवी मिटायचं सुचलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "म्याडम..." मी म्हणाले, "कळलं."

ज्या खोडांवरून मी जागा तलावाबाहेर ठरवली होती, ती खोडंच तलाव तिथवर येतो हे सांगत होती.

मी म्हणाले होते, फेरमोजणी करू, पण उन्हाळा येऊ द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. "उन्हाळ्यात पाहून त फसलो न जी. आता पानी हाये तं आता मोजू." अकरा वर्षांत तुम्ही मला दिलेला हा एकच हुकूम, आणि मी तो मानला. कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही टेपचं टोक डोक्यावर धरून चालत होतात, मी साडी खोचून मागे, आणि गिरजाबाई तिच्या छोट्या होडीतून, डोंग्यातून, बांबूच्या खुंट्या एक एक करून पुढे देत होती. जिथं देवधान संपेल तिथं खुंटी. तुम्ही प्रत्येक खुंटी ठोकल्यावर ती हलवून बघायचात. कार्यालयात दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी भरपूर हसून घेतलं, बाई पाण्यात मोजणी करते म्हणून.

खुंट्या लागल्या तेव्हा लॉनचा जवळजवळ सगळा नकाशा देवधानात उभा होता. शेठ पाळीवर आले. त्यांचा राग मला समजला. कागद माझेच होते. "मैडम, मई में ज़मीन थी, सितंबर में तालाब हो गया?"

तुम्ही पाण्यातूनच म्हणालात, "शेठजी, लगन तो तुळशी के बाद ही लगते ना? तब भी इतना ही पानी रहता. दूल्हा डोंगे में आएंगा क्या?" शेठसुद्धा हसले, भाऊ. थोडंसंच, पण हसले.

मग मुख्याधिकाऱ्यांनी बैठक घेतली. दोन अहवाल, तलावाच्या हद्दीच्या दोन रेघा, आणि दोन्हींवर माझी सही. त्यांनी विचारलं, "पहिल्या पाहणीत धान कुणी लिहिलं?" मी खुर्ची मागे सरकवून उठत होते. तेवढ्यात दाराशी चहाचा ट्रे धरून उभे असलेले तुम्ही बोललात, "टेप मी धरला होता साहेब. धान हाये म्हनून मीच म्याडमले सांगतलं."

खोलीत सगळ्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. शिपाई चुकला, प्रश्न मिटला. मी अर्धी उठलेली खाली बसले. त्या बसण्याचा विचार मी त्यानंतर फार वेळा केला आहे.

बाहेर सायकलींपाशी मी तुमच्यावर चिडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे बोलायला?"

"म्याडम, मी चार महिन्यांत निघून रायलो. तुमी रायनार हा. तुमची चूक निघाली त पयले काय करतीन? हे फाइल तुमच्याकडून काढतीन. मंग दुसरा कोनी येईन, न थो उन्हाळ्यात मोजन."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"खोटं काऊन? मी बी धानच समजलो होतो."

"तुम्ही 'पन' म्हणाला होतात. धुरे नाहीत म्हणून दाखवलं होतं मला."

"पन म्हनलं न सोडून देल्लं," तुम्ही म्हणालात. "अडून बसलो असतो त?" आणि सायकलचं कुलूप काढायला वाकलात. तुमची मान मला दिसत होती, उन्हानं काळवंडलेली, आणि मला वाटलं की हा माणूस स्वतःला खरंच दोषी मानतो, मला वाचवायचं ते त्याच्या जोडीला. मी म्हणाले, शेठच्या प्रकरणाची शेवटची सुनावणी झाली की मी लेखी देणार, तुमच्या सेवापुस्तकातून ते काढायला लावणार. तुम्ही म्हणालात, "तवा पाहू."

तो वाद तिथंच राहिला. ताकीद आली, तुम्ही सही करून घेतलीत, चार महिन्यांनी निरोपाचा नारळ आणि शाल घेऊन गेलात. मी भाषण केलं. त्यात वक्तशीरपणा, नम्रता, सगळं होतं, एक गोष्ट सोडून.

मग तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यात मी तीनदा आले. पहिल्यांदा पंखा बंद होता, तो सुरू करून घेतला. दुसऱ्यांदा नर्सशी भांडून तुम्हाला खिडकीजवळची खाट मिळवून दिली. तिसऱ्यांदा मच्छरदाणी आणली. तुम्ही म्हणालात, "बसा न जी थोडं." मी म्हणाले, रिपोर्ट घेऊन येते, मग बसते. रिपोर्ट घ्यायला रांग होती. परत आले तर तुम्हाला झोप लागली होती, आणि वैनी म्हणाल्या, आत्ताच डोळा लागला, उठवू नका. मी उठवलं नाही. मला तुमच्यासाठी कामं करता येत होती, भाऊ, ती मी केली. बसणं मला जमलं नाही. बसले असते तर बोलावं लागलं असतं.

शेवटची सुनावणी तेरवीनंतर आठवड्याभरात झाली. नगरपंचायतीच्या सभागृहात फेरतपासणीची समिती बसली होती, शेठ होते, त्यांचे वकील होते, मागच्या बाकावर गिरजाबाई आणि तिच्या मच्छीमार सोसायटीच्या चार बाया. वकील सभ्य माणूस, आवाज न चढवता बोलणारा. ते म्हणाले, पहिली पाहणी चुकीची होती हे नगरपंचायतच म्हणते. ती चूक टेप धरणाऱ्या शिपायाची होती, हेही नगरपंचायतच म्हणते, त्याला ताकीद दिलेली आहे. मग दुसऱ्या मोजणीत टेप कुणी धरली होती? त्याच शिपायानं. निष्काळजी म्हणून ज्याची नोंद आहे, त्याची दुसरी रेघ आम्ही बरोबर का मानायची? आणि आता विचारायला तो हयातही नाही.

मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. तुम्ही रेघ वाचवण्यासाठी चूक अंगावर घेतलीत, आणि तीच चूक आता रेघ पुसायला निघाली होती. तुमच्या हिशेबात हे नव्हतं. माझ्याही नव्हतं. तुम्ही असतात तर वकिलांना काहीतरी टोला दिला असतात आणि सभागृह हसलं असतं. मला विनोद येत नाही.

मी उभी राहिले. म्हणाले, "तुळशीराम चुकले नाहीत. पहिल्या पाहणीत धुरे नाहीत हे त्यांनी माझ्या लक्षात आणून दिलं होतं. मी ऐकलं नाही. धान मी लिहिलं, सही माझी आहे. बैठकीत त्यांनी दोष घेतला तेव्हा मी गप्प बसले, तीही माझी चूक. त्यांच्या हातची एकही मोजणी खोटी निघालेली नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, हे लेखी द्याल?"

"कागद द्या."

तिथंच बसून लिहिलं. मागच्या बाकावरून गिरजाबाई म्हणाली, "आमाले बी इचारा साहेब. खुंट्या मी देल्ल्या. तुळशीरामभाऊ एक एक हालवून पाह्यत होता." तिचंही लिहून घेतलं, अंगठा घेतला.

समितीनं दुसरी रेघ मान्य केली. शेठना लॉन बांधायचं तर रेघेच्या वर, नवा नकाशा आणून. ते वरच्या कार्यालयात जाणार आहेत, तो त्यांचा हक्क आहे. मला नोटीस मिळाली आणि फाइल माझ्याकडून काढली, म्हणजे तुमचा तो अंदाज खरा ठरला. आता ती एका नव्या अभियंत्याकडे आहे. मी त्याला तुमच्या पाण्यातल्या मोजणीची प्रत दिली आणि सांगितलं, तलावाची जागा बघायची तर भाद्रपदात बघायची, आणि सोबतचा माणूस 'पण' म्हणाला तर थांबायचं. त्यानं वहीत लिहून घेतलं. बघू.

सुनावणीच्याच संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले होते. वैनी अंगणात लाखोळी निवडत होत्या. मी माझ्या लेखी जबाबाची प्रत काढली आणि उभ्यानंच वाचून दाखवली, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मंग ह्यायनं खोटं कायले सांगतलं?"

"माझ्यासाठी. आणि तलावासाठी."

"मले त सांगाचं होतं," वैनी म्हणाल्या. "मी किती बोलली त्यायले. जनमभर धानात राहून धान नाई ओळखता आलं का, म्हनून रोज टोचून रायली होती. आयकून घे. काई बोले नाई."

हे मला माहीत नव्हतं, भाऊ. ताकीद मला माहीत होती, घरातलं हे नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या सुपातली लाखोळी निवडू लागले. मला माफ करा, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "थे मले नोको सांगू. त्यायले सांग." पहिल्यांदाच त्या मला अगं-तुगं बोलल्या.

म्हणून हे लिहिते आहे.

मी निघाले तेव्हा वैनींनी एकच विचारलं, "पान्यातली मोजनी त बरोबर होती न?"

"अगदी बरोबर. समितीनं तीच धरली."

त्या उठल्या. पदर सावरून कुंपणापाशी गेल्या. पलीकडे शेजारीण गाय बांधत होती. वैनींनी आवाज चढवला, सगळ्या गल्लीला जाईल इतका.

"आयकलं का वं? ह्यायची मोजनी बरोबर होती."